हरणीचा दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. घायपाताचा, हाताने वळलेला, अंगठ्याएवढा जाड आणि दोन वाव, म्हणजे आठ हात लांब. पुण्यात नदीकाठच्या एका वस्तीत, पत्र्याच्या खोलीबाहेर, मी खुंटीला टांगलेला असतो. माझ्या एका टोकात रंगरावांच्या तळहाताचा घाम मुरलेला आहे. दुसऱ्या टोकाला हरणीच्या हनुवटीखालचे करडे केस अजून अडकलेले आहेत. हरणी म्हणजे हरीण नव्हे, गाढवीण. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे जे सांगणार आहे ते फारसं हसण्यासारखं नाही.

मला सोनबा नावाच्या म्हाताऱ्याने वळलं. वेल्ह्याकडच्या एका बांधावरची घायपाताची पानं त्याने तोडली, ओढ्यात कुजत घातली आणि दगडावर ठेचून ठेचून त्यातला वाख काढला. तो वाळवला, विंचरला, त्याचे पेड केले. मग मागे मागे चालत, एकेक पीळ देत त्याने मला घडवलं. त्या कामात त्याचे तळवे सोलून निघत, पण माझा एकही धागा त्याने कच्चा राहू दिला नाही. हल्ली दुकानात नायलॉनचे रंगीत दोर मिळतात. ते दिसतात छान, कुजत नाहीत, आणि हातातून सरकले की कातडी सोलून जातात. मी त्यांच्याविषयी आणखी काही बोलणार नाही.

पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. तिथे सोनबा मला घेऊन बसला होता आणि तिथेच रंगरावांनी एक करड्या रंगाचं, मोठ्या कानांचं शिंगरू विकत घेतलं. तीच हरणी. तिला बांधून न्यायला दोर हवा म्हणून त्यांनी मला उचललं. सोनबा त्यांना म्हणाला, "ह्यो दोर हात कापनार न्हाई. पर वल्ला ठिवू नगा." रंगरावांनी ते ऐकलं आणि पुढे कायम पाळलं. पावसाळ्यात स्वतः भिजले, पण मला घरात घेतलं.

खरं सांगायचं तर रोजच्या कामाला माझी गरज नव्हती. गाढव हाकायचं असतं, ओढायचं नसतं. मंडईच्या आसपासच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे टेंपो शिरत नाही, हातगाडी वळत नाही, आणि बांधकाम तर सारखं चाललेलं असतं. कोणाला तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघर हवं असतं, कोणाला गच्चीवर खोली. ती वाळू आणि त्या विटा रंगरावांची गाढवं जिन्याने वर नेत. दुर्गाबाई, म्हणजे रंगरावांची बायको, खाली ढिगापाशी गोणी, म्हणजे पाठीच्या दोन्ही अंगांना लोंबणारी दुहेरी पिशवी, भरायच्या. दोन्हीकडे सारख्या विटा, सारखी वाळू. गाढव पुढे, रंगराव मागे. वर ओझं उतरलं की गाढव वळून आपलं आपण ढिगाकडे परत येई. त्याच्याबरोबर कोणी यायचं नाही. हरणी तर पाठ मोकळी झाली की क्षणभर थांबायची नाही. ओझं उतरलं म्हणजे परत जायचं, हे तिच्या हाडात बसलं होतं. संध्याकाळी शेवटची खेप झाली की ती तशीच थेट वस्तीवर येई. वस्तीपुढच्या मोकळ्या जागेतही वाळूचा एक ढीग कायम असे, आणि त्याच्या शेजारीच तिचा खुंटा होता.

मला खरा मान मिळाला तो शर्यतीत.

दिवाळीनंतर थंडी पडली की एका रविवारी आमच्या वस्तीची शर्यत होते. माणसाने गाढवाबरोबर धावायचं. गाढवावर बसायचं नाही, त्याच्या पाठीवर कामाचं ओझं असतं. वस्तीपुढच्या ढिगापासून निघायचं, कर्वेनगरच्या पलीकडच्या टेकडीवर चढायचं, जुन्या दगडाच्या खाणीला वळसा घालून परत ढिगापाशी यायचं. काठी वापरायची नाही. दोर हातातून सोडायचा नाही. जेवढं ओझं नेलं तेवढं परत आलं पाहिजे. शेवटच्या रेषेवर गाढवाचं नाक आधी पोचलं पाहिजे, माणूस त्याच्या मागून. आणि सगळं झालं की पंच गोणी उचलून गाढवाची पाठ बघतात. फुटलेल्या पाठीवर ओझं आणलेलं दिसलं, तर पहिला आलेलाही बाद. याला आमच्याकडे 'पाठ दाखवणं' म्हणतात. पंच म्हणजे मंडईजवळच्या दुकानाचे मकबूलभाई. त्यांच्या दुकानात नायलॉनचे दोर विकायला असतात, तरीही मी त्यांना मानतो, कारण त्यांचा काटा आणि त्यांची जीभ दोन्ही सरळ आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही ढिगापासून हललोच नाही. रंगराव पुढे राहून मला ओढत होते आणि हरणी चारी पाय रोवून उभी होती. मधल्या मधे माझे पेड कुरकुरत होते. सगळी वस्ती हसून बेजार झाली. तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "अहो, बायकूला तरी आसं वढून न्याल का?"

रंगरावांनी ते मनावर घेतलं. ते तिच्या खांद्याला खांदा लावून धावायला शिकले. ती दम घेई तेव्हा तेही घेत. ती चढाला हळू होई तेव्हा ते तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. मी दोघांच्या मधे सैल लोंबत असे. मला त्यांच्या मुठीतून त्यांचं मन कळे आणि हरणीच्या तोंडावरच्या मोरकीतून तिचं. दोन्हीकडून ओढ नसली की समजायचं, आज जमलं आहे. पुढे कितीतरी वर्षं आम्ही जिंकलो. हरणीला हार पडले, मला हळदकुंकू लागलं, फोटोत मी रंगरावांच्या खांद्यावर मिरवलो. फोटो बघणारे माझ्याकडे बघत नाहीत, हे मला माहीत आहे.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. शर्यतीच्या ओझ्यात वाळूबरोबर एक आखूड दांड्याचं फावडं आणि एक लोखंडी घमेलं असावंच लागतं. कामाचा मान म्हणून तशी पद्धत आहे. रंगराव ही हत्यारं नेहमी गोणीच्या डाव्या अंगाला घालत आणि वाळू उजव्या अंगाला जास्त भरत. दिसायला उजवी बाजू फुगलेली दिसे, पण तोल बरोबर साधे. ही जुळणी ते स्वतःच करत. तेव्हा दुर्गाबाई चुलीपाशी सगळ्यांसाठी पोहे करण्यात गुंतलेल्या असत. शर्यतीची गोणी त्यांनी कधी भरली नव्हती.

मग रंगरावांचे डोळे गेले. साखरेने गेले, असं डॉक्टर म्हणाले. आधी कडा अंधारल्या, मग मधलं धुकं झालं, आणि एका उन्हाळ्यात तेही संपलं.

घरातल्या सगळ्यांनी त्यांना फार जपलं. ते येताना दिसले की दुर्गाबाई गुपचूप वाटेतली बादली उचलत. ताटातली भाकरी आधीच कुस्करून ठेवत. मुलगा आनंद मार्केट यार्डात टेंपो चालवतो. त्याने वडिलांना न विचारता बाकीची गाढवं एकेक करून देऊन टाकली, कारण आता कामही राहिलं नव्हतं. उंच इमारतींना वाळू चढवायला यंत्रं आली होती. रंगरावांविषयी काही बोलायचं झालं की घरातली माणसं बाहेर, माझ्या खुंटीखाली येऊन कुजबुजत. त्यामुळे मला सगळं कळे आणि ज्यांच्याविषयी ते बोलत त्यांना काहीच कळत नसे. ते दिवसभर दाराच्या आत खुर्चीवर बसून असत. "काय चाललंय?" असं त्यांनी विचारलं की उत्तर येई, "काही नाही, तुम्ही बसा."

माझेही दिवस फिरले. मला खुंटीवरून काढून दोन खांबांमधे ताणून बांधलं आणि माझ्यावर कपडे वाळत घातले. साड्या, टॉवेल, नातवाचा शाळेचा गणवेश. ओले कपडे, मित्रांनो. सोनबाने पाहिलं असतं तर तो तिथेच खाली बसला असता. माझे वरचे धागे काळे पडले, प्लास्टिकच्या चिमट्यांनी जागोजागी चिमटे घेतले. समोर हरणी खुंट्यापाशी रिकामी उभी असे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत दिवस काढत होतो आणि मला फार वाईट वाटे.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आनंद वडिलांपाशी येऊन बसला.

"आबा, जरा प्रॅक्टिकल विचार करा," तो म्हणाला. "काम नाही, तिला चारा मात्र रोज लागतो. आईच्याने सगळं होत नाही. सासवडकडचा एक वीटभट्टीवाला हरणीला न्यायला तयार आहे."

वीटभट्टीवर म्हाताऱ्या जनावराचं काय होतं ते रंगरावांना माहीत होतं. आनंदलाही माहीत होतं, म्हणूनच तो खाली बघून बोलत होता. रंगराव त्याच्याकडे वळले.

"शर्यत कवा हाय?"

"या रविवारी. पण आबा, तुम्ही..."

"मी पळनार. दोर हातात धरून, वझ्यासकट फेरी पुरी केली, तर हरणी हितंच ऱ्हाईल. ती गेली तर म्या कुनाच्या संगं उठायचं सकाळी? न्हाई झाली फेरी पुरी, तर तू म्हनशील तसं."

आनंदने मान हलवली. मग आबांना मान दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "बरं."

त्याच दिवशी रंगराव चाचपडत माझ्यापाशी आले. माझ्यावरचे कपडे त्यांनी एकेक काढून दुर्गाबाईंच्या हातात दिले आणि माझ्या गाठी सोडल्या. कुठे कुठे विरलो आहे ते बोटांनी तपासलं. मला तेल लावलं, उन्हात ठेवलं. मग रविवारपर्यंत रोज आम्ही नदीच्या काठाने चालायला गेलो. आधी त्यांची मूठ घट्ट असे. हरणीने खड्ड्याला वळसा घातला की ते अडखळत. हळूहळू मूठ सैल झाली. हरणीची मान खाली गेली की मी खाली झुकतो, ती वळली की मी वळतो, ती कान टवकारून थबकली की माझ्यात बारीक थरथर येते. हे सगळं ते हातांनी वाचायला लागले. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

रविवारी सकाळी नदीवर धुकं होतं. हल्ली शर्यत बघायला सोसायट्यांमधली मंडळीही येतात. महागाचे बूट घातलेला एक तरुण मोबाइल उंच धरून म्हणाला, "गाढवांबरोबर धावायचं? आम्ही ऑफिसात रोज तेच करतो." त्यावर शेजारचे एक आजोबा म्हणाले, "गाढवांनाही विचारून बघा एकदा." लोक हसले. रंगराव हसले नाहीत. ते गुडघ्यांवर बसून गोणी भरत होते. फावडं आणि घमेलं डाव्या अंगाला. वाळू उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. ओंजळीने चाचपून त्यांनी तोल पाहिला, गोणी हरणीच्या पाठीवर चढवून घेतली आणि पायांना फडकी बांधायला ते बाजूला गेले.

तेवढ्यात दुर्गाबाई आल्या. आज पहिल्यांदाच त्यांनी पोह्यांचं काम दुसरीवर सोपवलं होतं, कारण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी पाहिलं, गोणीची उजवी बाजू फुगलेली आहे. त्यांना वाटलं, दिसत नाही म्हणून यांचा अंदाज चुकला. सांगावं तर सगळ्यांदेखत त्यांना कमीपणा येईल. म्हणून त्यांनी हलकेच गोणीचं तोंड उघडलं आणि उजवीकडची वाळू डावीकडे घातली. आयुष्यभर विटा भरताना केलं तसं दोन्हीकडे सारखं केलं. फावडं आणि घमेलं तळाला, वाळूखाली होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. पदराने हात पुसून त्या मागे सरल्या. हरणीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला त्या वेळी तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

मकबूलभाईंनी गोणी उतरवून काट्यावर घेतली आणि परत चढवली. एकूण वजन बरोबर भरलं. काटा एवढंच सांगतो.

शिट्टी झाली. सुरुवातीला आम्ही छान निघालो. सपाट वाटेवर हरणीने कान मागे टाकले आणि ती दुडक्या चालीत सुटली. रंगराव तिच्या खांद्यापाशी होते. त्यांचे पाय म्हातारे झाले होते, पण ताल चुकत नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते आणि कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, "ते दिसत नाही त्यांना, बघा." आम्ही मधल्या घोळक्यात होतो. मी दोघांमधे सैल होतो. माझ्या उतारवयात मला एवढा आनंद पुन्हा मिळेल असं वाटलं नव्हतं.

टेकडीचा चढ सुरू झाला आणि मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. प्रत्येक पावलाला हरणीकडून एक हिसका येत होता. गोणी डावीकडे ओढत होती आणि हरणी उजवीकडे कलून ती सावरत होती. रंगरावांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी वेग कमी केला. पण चढावर असं होतं, पुढे ठीक होईल, असं समजून ते चालत राहिले. खाणीला वळसा घातला. उतार लागला, तशी डावी बाजू आणखी खाली सरकली. खाणीच्या खालच्या अंगाला, एका बाभळीपाशी हरणी थांबली.

मागचे येऊन पुढे गेले. कोणीतरी जाता जाता म्हणालं, "काका, ओढा ना तिला." रंगरावांनी ओढलं नाही. ते माझ्यावरून हात सरकवत मोरकीपर्यंत गेले, मग मानेवर, मग पाठीवर. त्यांनी गोणीखाली तळवा घातला. बाहेर काढला तेव्हा तो ओला होता. त्यांनी तो नाकापाशी नेला.

"फुटली," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, गाढव दुखणं बोलून दाखवत नाही. ते चालत राहतं, म्हणून लोकांना वाटतं त्याला दुखत नाही. रंगरावांनी वाळू इकडची तिकडे करून तिला हाकललं असतं, तर ती तशीच रेषेपर्यंत गेली असती. पुढे पाठ दाखवताना बाद झाली असती, ही गोष्ट वेगळी. पण त्या क्षणी मी त्यांच्या मुठीत होतो आणि सांगतो, पंच काय म्हणतील हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही. फुटलेल्या पाठीवर ओझं ठेवायचं नाही, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं आणि ते त्यांनी एकदाही मोडलं नव्हतं. आज ते पाळलं तर शर्यत गेली, आणि शर्यत गेली की हरणी भट्टीवर गेली. त्यांनी कपाळ हरणीच्या मानेला टेकवलं. 

"माजं चुकलं आसंल तर माफ कर," ते तिला म्हणाले. "पर ह्ये वझं तुझ्या पाठीवर आता न्हाई."

मला मनगटाला आखूड गुंडाळून त्यांनी गोणी उतरवली आणि स्वतःच्या मानेवर टाकली. एक अंग डाव्या खांद्याखाली, एक उजव्या. तशी ती त्यांनाही डावीकडे ओढू लागली. ते चमकले. एका हाताने त्यांनी डावी बाजू चाचपली, मग उजवी. वाळू दोन्हीकडे सारखी होती. 

"दुर्गे," एवढंच ते म्हणाले.

आता मला खरी भीती वाटली. ओझं उतरलं होतं. ओझं उतरलं की हरणी थांबत नाही, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. ती पुढे चालू लागली. माझ्यावर पहिल्यांदा तिच्या टोकाकडून ओढ आली. रंगरावांच्या हातातून मी सुटलो असतो, तर ते त्या उतारावर एकटे राहिले असते. पण त्यांना तिची ही सवय माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. त्यांनी माझं टोक मुठीत घट्ट धरलं आणि ते तिच्या मागे मागे निघाले. गल्ल्यांमधून आयुष्यभर चालले तसेच, गाढव पुढे आणि माणूस मागे. फरक इतकाच की आज ओझ्याची पाठ बदलली होती. आणि रिकामी हरणी कुठे जाणार? वस्तीपुढच्या ढिगाकडे. रेषा तिथेच होती.

ती त्यांना सांभाळून नेत होती, असं मी म्हणणार नाही. ती घरी चालली होती. पण गाढव जिथे पाय ठेवतं तिथली जमीन पक्की असते, आणि रंगराव माझ्या हलण्यावरून तिच्या पावलांवर पाऊल ठेवत होते. एकदा ते गुडघ्यावर आपटले. गोणी मानेवर घसरली. मूठ सुटली नाही. मी ताणलो, तशी हरणी थांबली. ओझं नसताना ती कधी थांबत नसे. ती का थांबली ते मला माहीत नाही. ते उठून उभे राहिले, मी सैल पडलो, आणि ती पुन्हा चालू लागली.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं आणि बाकीचे पोहे खाऊन हात धूत होते. मकबूलभाई मात्र खुर्चीवर बसून होते. दुर्गाबाई रेषेवर उभ्या होत्या. आबांच्या मानेवर गोणी पाहून आनंद धावत निघाला.

"आनंद, हात लावू नकोस," मकबूलभाई म्हणाले. "अजून फेरी चालू आहे."

हरणीचं नाक रेषेपलीकडे गेलं. मग मी, मग रंगराव. मकबूलभाईंनी गोणी काट्यावर ठेवली. वजन सकाळइतकंच भरलं. मग त्यांनी हरणीची पाठ पाहिली. डाव्या अंगाला कण्यापाशी कातडी सोलवटली होती.  मागून कोणीतरी म्हणालं, "पाठ फुटलीय. बाद."

मकबूलभाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "फुटलेल्या पाठीवर ओझं आणलं तर बाद. आपल्याला हिच्या पाठीवर ओझं दिसतंय का? मला दिसत नाही." मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जेवढं नेलं तेवढं ओझं परत आलं पाहिजे, असा नियम आहे. कोणाच्या पाठीवरून, ते नियमात नाही. इतक्या वर्षांत कोणाला तसं वाटलंच नव्हतं. फेरी पुरी झाली. नंबर शेवटचा."

दुर्गाबाई हरणीच्या पाठीकडे बघत होत्या. मग त्यांचं लक्ष काट्यावरच्या गोणीकडे गेलं. वाटेतल्या धक्क्यांनी वर सरकून डाव्या बाजूच्या तोंडातून फावड्याचा दांडा बाहेर आला होता. त्यांना सगळं कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, वाळू मी..."

"कळलं मला," रंगराव म्हणाले. "खांद्याला कळलं."

"तुमाला वाईट वाटंल म्हनून न्हाई बोलले."

"वाटू द्यायचं की." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्यांनी मला मुठीत आवळलं होतं. "डोळं माजं गेलं, दुर्गे. तू बोलायचं का सोडलंस? तू नुसतं म्हनाली आसतीस की उजवीकडं फुगलंया, तर म्या सांगितलं आसतं की हत्यारं डावीकडं हायत. हिची पाठ वाचली आसती."

दुर्गाबाई रडू लागल्या. आनंद बाजूला उभा होता. तो पुढे आला, वडिलांचा हात धरला आणि म्हणाला, "आबा, मीही एक सांगितलं नाही. भट्टीवाल्याला मी आधीच हो म्हणून ठेवलं होतं. आज दुपारी तो न्यायला येणार होता. शर्यत पुरी होईल असं मला वाटलंच नव्हतं."

 आनंदने तिथेच फोन लावला, वडिलांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, "येऊ नका. ती घरीच राहणार आहे."

हरणीची पाठ हळद आणि तेल लावून लावून बरी झाली. तिथे आता पांढरे केस आले आहेत. तिच्या पाठीवर पुन्हा ओझं चढलं नाही. सकाळ-संध्याकाळ ती, मी आणि रंगराव नदीकाठी फिरायला जातो. दुर्गाबाई मात्र दिवसभर बोलत असतात. बादली हाय. पायरी हाय. सदरा उलटा घातलाय. आनंद फोनवर कोनाशी तरी भांडतोय. रंगराव कधी कधी वैतागतात आणि म्हणतात, "आगं, थोडं माझ्यासाठी शिल्लक ठेव." पण आता त्यांना काय चाललंय ते विचारावं लागत नाही.

मित्रांनो, माझे दिवस थोडे राहिले आहेत. मधला एक पेड तुटला आहे आणि दुसरा तुटायला आला आहे. म्हणून जाता जाता तुम्हाला काही मागतो. दोर वापरलात तर वाळवून ठेवा. ओझ्याचं जनावर दिसलं तर त्याची गोणी एकदा उचलून खाली पाहा. ते बोलणार नाही, तुम्हीच पाहायला हवं. आणि तुमच्या घरात कोणी थकलेलं असेल, कोणाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तर त्याला जरूर जपा. पण त्याच्या नकळत त्याची गोणी हलवू नका. आधी त्याला सांगा. त्यालाही काहीतरी सांगायचं असतं.

उन्हं उतरली आहेत. दुर्गाबाई दारातून सांगताहेत, "अहो, हरणी उभी ऱ्हायलीया. दोर खुंटीला हाय, तुमच्या उजव्या हाताला."

त्यांचा हात येतोच आहे.